पाच वेळा तेच अक्षर

चीनमध्ये एक वाक्य गंमत म्हणून एकमेकांना वाचायला देतात. परदेशी विद्यार्थ्यांची फिरकी घ्यायला तर ते हमखास वापरतात. देवनागरीत जमेल तितपत ते असं उतरवता येईल: "रन याओ-श शिंग, कान यी हांग शिंग यी हांग, यी हांग शिंग हांग हांग शिंग." अर्थ साधा आहे. माणसात मुळात धमक असली, की ज्या धंद्यात पडेल त्यात तो निभावतो. आणि एका धंद्यात निभावला की कुठल्याही धंद्यात निभावतो.

अर्थात काही अडत नाही, अडतं ते कागदावर. या वाक्यातला प्रत्येक 'शिंग' आणि प्रत्येक 'हांग' एकाच अक्षराने लिहितात. वाक्यात सोळा अक्षरं आहेत, त्यातली नऊ हीच. शेवटच्या तुकड्यात तर 'यी', म्हणजे 'एक', या आडव्या रेघेनंतर तेच अक्षर सलग पाच वेळा येतं. चिनी लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे कुठला शब्द कुठे संपला याचीही खूण नाही. तरीही शाळेत गेलेला चिनी माणूस क्षणभर थबकतो, हसतो आणि बरोबर वाचतो: हांग, शिंग, हांग, हांग, शिंग. हे त्याला कसं जमतं, आणि एका अक्षराच्या वाट्याला इतके उच्चार आले कुठून, एवढंच हे प्रकरण आहे.

अक्षर सहा रेघांचं. डावीकडे दोन तिरके फटकारे आणि त्यांखाली एक उभी रेघ. उजवीकडे दोन आडव्या रेघा आणि खाली आकडा असलेली एक उभी. चिनी शिकणाऱ्याला ते पहिल्या काही आठवड्यांतच भेटतं, कारण 'चालेल', 'ठीक आहे' म्हणायला हेच अक्षर लागतं. तेव्हा ते 'शिंग' असतं. (मराठी वाचकाला बैल आठवेल, त्याला इलाज नाही. शेवटचा 'ग' गिळायचा आणि सूर खालून वर चढवायचा; चिनीत सूर चढता की कोसळता यावरही शब्द बदलतो.) मग एक दिवस बँकेची पाटी समोर येते आणि तिथे त्याच अक्षराला 'हांग' म्हणायचं असतं. शिक्षक सांगतात, पाठ करा. बहुतेक जण करतात. पण पाठ करण्यापेक्षा या अक्षराचा पूर्वेतिहास पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

हाडावरचा चौक

इसवी सन 100 च्या आसपास शू शन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांची फोड करणारा मोठा कोश रचला. त्याने या अक्षराचे डावा आणि उजवा असे दोन भाग पाडले. डावा म्हणजे एक पाऊल, उजवा म्हणजे दुसरं, दोन्ही मिळून चालणं. उलगडा इतका सोपा होता की जवळजवळ अठराशे वर्षं तो कुणाला खटकला नाही.

1899 पासून आन्यांगजवळ सापडणाऱ्या, शांग काळातल्या कोरीव हाडांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या खांद्याच्या हाडांवर कोरलेले हे शकुनाचे प्रश्न तीन हजार वर्षांहून जुने आहेत. त्यांत हे अक्षर दिसतं ते थेट चित्र म्हणून: दोन रस्ते एकमेकांना छेदतात तो चौक. पावलं वगैरे काही नाहीत. शू शनची फोड चुकीची होती. त्याच्या काळापर्यंत अक्षराचं रूप इतकं बदललं होतं की मधला चौक नाहीसा होऊन नुसत्या दोन बाजू उरल्या होत्या. त्याने समोर होतं त्यावरून तर्क केला, आणि हाडं जमिनीखाली असताना त्याला दुसरं काही करता येण्यासारखंही नव्हतं.

चौक मूळ धरला की अर्थांची वाटणी समजू लागते. रस्त्यावर माणूस चालतो. चालणं, जाणं, मग एखादी गोष्ट चालवणं, अमलात आणणं, वागणं, आणि शेवटी 'चालतंय की' या अर्थाने संमती, ही एक शाखा झाली. ती आज 'शिंग' उच्चारतात. मराठीतही 'चालणं' या क्रियापदाने पावलांपासून संमतीपर्यंत हाच प्रवास केला आहे, म्हणून हा भाग आपल्याला फार समजवावा लागत नाही.

दुसरी शाखा रस्त्याच्या आकाराची. रस्ता सरळ असतो, रांगेत असतो. सैनिकांची रांग, झाडांची रांग, लिहिलेली ओळ: 'हांग'. आणि इथून ती धंद्याकडे वळते.

हांग म्हणजे आळी

पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे. आळी म्हणजे मुळात ओळ, रांग. एका कामाचे कारागीर एका रांगेत बसले की रांगेचं नाव धंद्याला चिकटतं. चीनमध्ये नेमकं हेच झालं. थांग राजवटीच्या शहरांत बाजार आखीव असत आणि एका मालाची दुकानं एका हांगेत. बीजिंगच्या नैर्ऋत्येला फांगशान इथे दगडी पाट्यांवर कोरलेली बौद्ध सूत्रं आहेत. त्यांतल्या आठव्या शतकातल्या काही पाट्यांवर खर्च देणाऱ्यांची नोंद आहे, आणि त्यांत तांदळाची हांग, मांसाची हांग, रेशमाची हांग अशी नावं येतात. म्हणजे तोवर रांगेची संघटना झाली होती. तिला वर्गणी काढता येत होती, आणि पुण्यही खात्यावर जमा करून घेता येत होतं.

पुढे हांग म्हणजे सरळ पेशा. 'तीनशे साठ हांग, हांग-हांगेतून च्वांगय्वेन निघतो' अशी म्हण आहे. राजदरबारच्या परीक्षेत पहिला येणारा तो च्वांगय्वेन. परीक्षा 1905 मध्ये बंद झाल्या, म्हण अजून चालू आहे. दुसरी म्हण आहे, धंदा वेगळा की मध्ये डोंगर. तिसरी जरा कडवट: एका हांगेतले ते एकमेकांचे वैरी.

बँकेची पाटी याच शाखेवरची. 'यिन' म्हणजे चांदी, 'यिनहांग' म्हणजे चांदीची आळी. नानचिंग शहराच्या 1261 च्या वृत्तांतात हा शब्द चांदीचे व्यवहार चालत त्या पेठेसाठी येतो. तेव्हा त्याचा कर्जाशी किंवा ठेवींशी संबंध नव्हता.

मधल्या काळात 'हांग'चा अर्थ पेढी असा झाला होता. 1757 नंतर चिंग दरबाराने युरोपियनांचा सागरी व्यापार दक्षिणेतल्या कँटन (आजचं क्वांगचौ) या एकाच बंदरात कोंडला आणि तो काही परवानाधारक पेढ्यांकडेच दिला. त्यांना म्हणत तेरा हांग. प्रत्यक्षात आकडा कमी-जास्त होत राहिला. कँटनच्या बोलीत उच्चार 'होंग'सारखा, म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी 'हाँग' बसला. मुंबईचा या जगाशी जवळचा संबंध होता. कापूस आणि अफू मुंबईहून तिकडे जात असे. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला जाऊन आले आणि ब्रिटिश व्यापारी विल्यम जार्डिनशी त्यांचं व्यापारी नातं दीर्घकाळ टिकलं. जे. जे. रुग्णालयाला त्यांनी दिलेल्या देणगीमागे हाच चीनचा व्यापार उभा आहे. अफूचं काय करायचं हा प्रश्न त्या देणगीबरोबर येतोच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पहिल्या अफू युद्धानंतर ब्रिटनशी झालेल्या 1842 च्या नानचिंग तहाने हांगांची मक्तेदारी संपली. 'हांग' मात्र राहिला. परदेशी पेढी म्हणजे 'यांगहांग', आणि चलन चांदीचं असल्यामुळे पैशाचा व्यवहार करणारी पेढी ती 'यिनहांग'. 1897 मध्ये शांघायला चिनी मालकीची पहिली आधुनिक बँक निघाली तिच्या नावात हाच शब्द आहे. आजच्या चिनी नोटेवर तर उत्तर छापलेलंच असतं: अक्षरांतल्या नावाबरोबर रोमन लिपीतही 'चोंगक्वो रनमिन यिनहांग'. उच्चाराबद्दल शंका असेल तर खिशातली नोट काढून पाहावी.

कोरियनांनी मात्र हाच शब्द घेऊन अक्षराचा दुसरा उच्चार लावला. कोरियनमध्ये रांगेसाठी 'हांग' आणि चालण्यासाठी 'हेंग' असे दोन्ही उच्चार आहेत, आणि बँक आहे 'उन्हेंग'. म्हणजे चिनी डोळ्यांनी पाहिलं तर चालणारी चांदी. कुणाचं काही बिघडलं नाही.

रांगेच्या अर्थातला एक घोळ मात्र अजून मिटलेला नाही. गणितातल्या सारणीत आडवी ओळ आणि उभा स्तंभ असतो. चीनच्या मुख्य भूमीवर 'हांग' म्हणजे आडवी ओळ. तैवानमध्ये 'हांग' म्हणजे उभा स्तंभ. चिनी मजकूर पूर्वी वरून खाली लिहीत, त्यामुळे मजकुराची ओळ उभीच असे. तैवानने ते धरून ठेवलं. दोन्हीकडची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून रेषीय बीजगणित शिकणाऱ्याची कीव येते.

शिंग, चर्या आणि संस्कार

चालण्याच्या शाखेला भारतातून खतपाणी मिळालं. बौद्ध ग्रंथांचे चिनी अनुवाद होऊ लागले तेव्हा 'चर्या' या शब्दासाठी हे अक्षर घेतलं गेलं, ते साहजिक होतं. पण 'संस्कार'साठीही हेच घेतलं गेलं. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग परतल्यावर अनुवादाला बसला. त्याच्या नावाने चालत आलेल्या प्रज्ञापारमिताहृदयाच्या अनुवादात, म्हणजे जेमतेम अडीचशेच्या आसपास अक्षरांच्या मजकुरात, हे अक्षर दोन अर्थांनी येतं. सुरुवातीला बोधिसत्त्व गंभीर प्रज्ञापारमितेची चर्या करतो तिथे चर्या. पुढे वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान अशी स्कंधांची, म्हणजे बौद्ध मताने माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांची, यादी येते तिथे संस्कार. उच्चार दोन्हीकडे 'शिंग'. रोज हे सूत्र म्हणणाऱ्या हजारो लोकांना हा फरक सांगावा लागत नाही, कारण यादी यादीसारखी ऐकू येते.

साधना करून माणसाच्या अंगी जी ताकद येते तिला 'ताओ-हंग' म्हणतात. अक्षर तेच, उच्चार तिसरा. हा एका शब्दापुरताच उरला आहे. झाडांच्या रांगेसाठी एका शब्दात 'हांग' चढता न राहता कोसळत्या सुरात येतो. तो चौथा.

उच्चार फुटले कसे

1008 मध्ये सोंग दरबाराने सिद्ध केलेल्या यमककोशात, म्हणजे यमकांनुसार अक्षरं लावलेल्या कोशात, या अक्षराचे चार उच्चार आहेत: चालण्याचा, वर्तणुकीचा, रांगेचा आणि क्रमाचा. त्या काळी उच्चार सांगायची पद्धत हुशारीची होती. दोन सोपी अक्षरं द्यायची, पहिल्याचं व्यंजन घ्यायचं आणि दुसऱ्याचा उरलेला भाग जोडायचा. चालण्याच्या आणि रांगेच्या उच्चारांसाठी दिलेली पहिली अक्षरं वेगळी आहेत, पण दोन्ही आज 'हू' अशीच वाचली जातात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी दोन्ही उच्चार 'ह'नेच सुरू होत होते. फरक स्वरात होता.

पुढे उत्तरेकडच्या बोलीत 'इ'च्या आधी आलेला 'ह' टाळूकडे सरकला आणि 'श' झाला. चालण्याच्या उच्चारात 'इ' होता, तो 'शिंग' झाला. रांगेच्या उच्चारात 'आ' होता, तो 'हांग' राहिला. कँटनच्या बोलीत हा बदल झालाच नाही. तिथे आजही दोन्ही 'ह'चेच आहेत. मराठीला टाळूकडचा सरकाव परका नाही. 'जग बुडालं' आणि 'पाण्याचा जग' यांतला 'ज' आपण न चुकता वेगळा उच्चारतो आणि लिहिताना एकच अक्षर वापरतो. शाळेत हा फरक कुणी समजावून सांगितल्याचं फारसं ऐकिवात नाही.

चौघांपैकी वर्तणुकीचा उच्चार, कोसळत्या सुरातला 'शिंग', राजकारणाने नाही तरी समितीने मारला. चीनमध्ये 1956 मध्ये प्रमाण उच्चार ठरवणारी समिती बसली, 1963 मध्ये तिचा मसुदा आणि 1985 मध्ये सुधारित तक्ता आला. या सगळ्या काळाचा रोख उच्चार कमी करण्याकडे होता. 'वर्तणूक' या अर्थी आज मुख्य भूमीवर साधा चढता 'शिंग' चालतो आणि कोश जुना उच्चार 'पूर्वीचा' म्हणून नोंदवतात. तैवानच्या शाळेत मात्र कोसळता 'शिंग'च शिकवतात. माझं मत विचाराल तर तैवानचं बरोबर आहे, कारण तिथे सूर अर्थाचं काम करत होता. पण चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात रोज उभं राहणाऱ्या शिक्षकाने समितीला दुवा दिला तर त्यालाही दोष देता येणार नाही.

जपानने हे अक्षर तीन खेपांत उचललं आणि तिन्ही उच्चार जपून ठेवले. बौद्ध शब्दांत 'ग्यो', बँकेत 'को' ('गिन्को'), आणि झेन भिक्षूंच्या काळात आलेल्या थोड्या शब्दांत 'आन'. चालताना हातात न्यायचा कागदी दिवा तो 'आन्दोन'. टोयोटाने कारखान्यात अडचण दाखवणाऱ्या दिव्यांच्या फळ्याला हेच नाव दिलं, आणि ते जगभरच्या वाहन कारखान्यांत पसरलं. चाकणला जुळणीच्या ओळीवर 'अँडॉन' ओढणारा कामगार या अक्षराचा सगळ्यात दुर्मिळ उच्चार रोज करत असतो.

पुन्हा त्या पाच अक्षरांकडे

आता वाचक काय करतो ते पाहू. 'यी' म्हणजे एक. चिनीत संख्येनंतर मोजता येण्याजोगं काही यावं लागतं. चालणं असं मोजत नाहीत, धंदा मोजतात. पहिलं अक्षर 'हांग'. 'एक धंदा' म्हटल्यावर त्याचं काय, हे सांगणारं क्रियापद हवं: दुसरं 'शिंग', म्हणजे जमलं. मग नाम दोनदा आलं की 'प्रत्येक' असा अर्थ होतो. माणूस-माणूस म्हणजे प्रत्येक माणूस, दिवस-दिवस म्हणजे रोज. तिसरं-चौथं मिळून 'हांग-हांग', सगळे धंदे. पाचवं पुन्हा 'शिंग'. हे एवढं विश्लेषण कुणी मनात करत नाही. 'हांग-हांग' ही जोडी तीनशे साठ हांगांच्या म्हणीतून कानात आधीच बसलेली असते, ती दिसली की बाकीचं आपोआप जागी पडतं.

पण नुसती जोडी पाहून निर्णय घेणारा फसू शकतो. हान काळातल्या एकोणीस जुन्या कवितांपैकी पहिलीची पहिली ओळ पाच अक्षरांची आहे, आणि त्यांतली चार हीच आहेत. तिथे दोन्ही जोड्या 'शिंग-शिंग': चालत चालत, पुन्हा चालत चालत. दूर गेलेल्या माणसाची वाट पाहणारीची ती कविता. धंद्याचा तिथे काही संबंध नाही. आणि कन्फ्यूशियसच्या वचनांत शिष्य गुरूभोवती बसले आहेत असा प्रसंग आहे. त्यांतल्या चु-लूचं वर्णन याच जोडीने केलं आहे, आणि तिथे वाचायचं कोसळत्या सुरात 'हांग-हांग', म्हणजे ताठ, उसळता. गुरू म्हणतात, याला शांत मरण यायचं नाही. इ. स. पू. 480 मध्ये वेइ राज्यातल्या बंडाळीत चु-लू मारला गेला. तीच दोन अक्षरं शेजारी शेजारी, आणि उच्चार तीन.

यंत्रांना हे प्रकरण बरीच वर्षं जड गेलं. मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला प्रत्येक बहुउच्चारी अक्षराचा निर्णय करावा लागतो. 'बँकेचा प्रमुख' या चार अक्षरी पदात हे अक्षर दोनदा सलग येतं आणि चौथं अक्षरही दोन उच्चारांचं असतं: 'छांग' म्हणजे लांब, 'चांग' म्हणजे प्रमुख. बरोबर वाचन 'यिनहांग हांगचांग'. शब्दकोश जवळ असला की हे सुटतं, कारण पदं ठरलेली आहेत. रस्त्यावरचा नियमही तोच आहे: सुटं अक्षर घोकण्यापेक्षा 'यिनहांग', 'लुशिंग' (प्रवास), 'वाइहांग' (त्या धंद्याबाहेरचा, अडाणी) असे शब्द घोकावेत. बहुतेक संदिग्धता शब्दातच विरते.

सगळी विरत नाही. 'समान' या अर्थाच्या अक्षरापुढे हे अक्षर ठेवलं की दोन शब्द होतात. 'थोंगहांग' म्हणजे एकाच धंद्यातले. 'थोंगशिंग' म्हणजे बरोबर प्रवास करणारे. 'ते माझे…' एवढंच लिहून ही दोन अक्षरं ठेवली, तर वाचकाला पुढचं-मागचं वाक्य पाहावंच लागतं. कोश हात वर करतो.

गंमत म्हणजे लिहिणाऱ्याला हा पेच कधी पडलेलाच नसतो. आज बहुतेक चिनी लोक फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि पडद्यावर आलेल्या पर्यायांतून अक्षरं निवडतात. 'थोंगहांग' टाइप करणाऱ्याने उच्चार स्पष्ट दिलेला असतो, 'थोंगशिंग' टाइप करणाऱ्यानेही. पडद्यावर दोघांनाही तीच दोन अक्षरं मिळतात, आणि बोटांनी दिलेली माहिती निरोप पाठवायच्या आधीच गळून गेलेली असते.